किती उंच, आणि कुठे? कॅनडातील शहरांच्या उंची-मर्यादेचा आढावा

मॉन्ट्रियलमध्ये कोणत्याही इमारतीचा माथा समुद्रसपाटीपासून २३२.५ मीटरच्या वर जाता कामा नये, असा नियम आहे. शहराच्या मधोमध उभ्या असलेल्या माउंट रॉयल या टेकडीच्या माथ्यावरून हा आकडा आला. मोजणी समुद्रसपाटीपासून होत असल्यामुळे उताराच्या तळाशी जितके खाली बांधाल तितके मजले जास्त पदरात पडतात. १९९२ साली पूर्ण झालेली ‘१००० द ला गोशतिएर’ ही ५१ मजली इमारत सखल भागात आहे, म्हणून ती २०५ मीटर उंच होऊ शकली. तिचा माथा टेकडीच्या पातळीला येऊन थांबतो.

असा एखादा ‘माथा’ कॅनडाच्या बहुतेक मोठ्या शहरांनी कधी ना कधी जपला आहे. ओटावाने संसदेचा मनोरा जपला, हॅलिफॅक्सने किल्ला, व्हँकुव्हरने उत्तरेकडचे डोंगर, तर एडमंटनमध्ये विमानतळापायी इमारती ठेंगण्या राहिल्या. गेल्या दहा-पंधरा वर्षांत घरांच्या किमती आणि भाडी सामान्य पगारदाराच्या हाताबाहेर गेली, तसे हे सगळे नियम वादाच्या भोवऱ्यात सापडले. वर्तमानपत्रांतली भांडणे बहुधा शहराच्या मध्यभागी टॉवर किती उंच असावेत यावर होतात. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र खरी गाठ साध्या निवासी गल्ल्यांमधल्या नऊ-दहा मीटरच्या मर्यादेत आहे. तिथे पोहोचण्याआधी थोडे मागे जायला हवे.

बंधने आली कुठून

१९३१ मध्ये टोरांटोत कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्सची ३४ मजली इमारत उभी राहिली. १४५ मीटर उंचीची ही इमारत तेव्हा ब्रिटिश साम्राज्यात सर्वांत उंच होती आणि तो मान तिने तीन दशके टिकवला. खरी चढाओढ लागली ती साठच्या दशकात. मॉन्ट्रियलची क्रुसाच्या आकाराची प्लास व्हिल मारी (१९६२), टोरांटोत वास्तुरचनाकार मीस व्हान डर रोहे यांचे काळे टोरांटो-डोमिनियन सेंटर (१९६७), मग २९८ मीटरचे फर्स्ट कॅनेडियन प्लेस (१९७५) आणि १९७६ मध्ये ५५३ मीटरचा सीएन टॉवर. बँका एकमेकींना मागे टाकत होत्या आणि शहरे त्याकडे कौतुकाने पाहत होती.

त्याच काळात जुन्या वस्त्या पाडून त्या जागी टोरांटोच्या सेंट जेम्स टाउनसारख्या अपार्टमेंट-टॉवरांच्या वसाहती उठत होत्या, घरांवरून एक्स्प्रेसवे नेण्याचे आराखडे तयार होत होते. त्याची प्रतिक्रिया सत्तरच्या दशकाच्या आरंभी आली. टोरांटोचा स्पाडायना एक्स्प्रेसवे १९७१ मध्ये प्रांत सरकारने थांबवला. १९७२ मध्ये डेव्हिड क्रॉम्बी महापौर झाले आणि पुढच्याच वर्षी महापालिकेने मध्यवर्ती भागात ४५ फुटांवरच्या बांधकामाला तात्पुरता चाप लावला. हा पोटनियम अपिलात टिकला नाही. पण त्याने मिळवून दिलेल्या सवडीत १९७६ चा मध्यवर्ती भागाचा आराखडा तयार झाला आणि ऑफिसांच्या जंगलात लोकांनी राहावे ही कल्पना रुजली. मॉन्ट्रियलमध्ये १९७३ साली रेल्वे-उद्योगपती व्हॅन हॉर्न यांचा वाडा पाडला गेला, तेव्हा वारसा-चळवळ पेटली. हॅलिफॅक्सने १९७४ मध्ये सिटाडेल किल्ल्यावरून बंदराकडे जाणाऱ्या दहा दृष्टिरेषा कायद्याने राखून ठेवल्या.

त्या वेळी उंचीला वेसण घालणारे लोक पुरोगामी, सुधारणावादी म्हणून ओळखले जात. बिल्डर आणि बँकांपुढे सामान्य रहिवाशांची बाजू ते मांडत होते. आज तेच नियम राखू पाहणाऱ्यांवर ‘आमच्या दारात नको’ म्हणणारे, आडमुठे, असा शिक्का बसतो. मधल्या काळात माणसे बदलली हे खरे, पण घरांची किंमत त्याहून जास्त बदलली.

ओटावाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. तिथे १५० फुटांची मर्यादा होती, कारण ९२ मीटरच्या पीस टॉवरचे शहरावरचे वर्चस्व कायम राखायचे होते. साठच्या दशकात ती सैल झाली आणि १९७१ मध्ये प्लास द व्हिल संकुलातला ११२ मीटरचा टॉवर संसदेपेक्षा उंच झाला. त्यानंतर शहराने सरसकट मर्यादेऐवजी ठराविक ठिकाणांहून संसदेची बाह्याकृती दिसत राहावी, एवढ्यावर समाधान मानले. आज शहरातली सर्वांत उंच इमारत लिटल इटलीत आहे, ४५ मजल्यांची.

डोंगर दिसला पाहिजे

या विषयात सर्वाधिक अभ्यासले गेलेले शहर व्हँकुव्हर. १९८९ मध्ये तिथल्या महापालिकेने दृश्यरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. नगररचनाकारांच्या बोलीत त्यांना ‘व्ह्यू कोन’ म्हणतात. क्वीन एलिझाबेथ पार्क, कॅम्बी पूल, फॉल्स क्रीकचा काठ अशी उभे राहण्याची ठिकाणे नक्की केलेली आहेत. तिथून नॉर्थ शोअरच्या डोंगरांपर्यंत शंकूच्या आकाराची हद्द आखायची आणि त्या हद्दीत येणाऱ्या प्रत्येक इमारतीने दृष्टिरेषेच्या खाली राहायचे. एखाद्या प्लॉटवरून शंकूची कड तिरकी गेली, तर एकाच प्लॉटच्या एका कोपऱ्यात टॉवर चढतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात तो खाली दाबला जातो. शेजारशेजारच्या जमिनींच्या भावात त्यामुळे मोठी तफावत पडते.

याच्या जोडीला ‘व्हँकुव्हरिझम’ नावाने जगभर गेलेली बांधणी आली. खाली तीन-चार मजल्यांची, रस्त्याला लागून असलेली घरे आणि दुकाने. त्यावर सडपातळ टॉवर, ज्याचा एक मजला साधारण ६,५०० चौरस फुटांचा. दोन टॉवरांमध्ये किमान ८० फूट अंतर. शहराचे तेव्हाचे नगररचनाकार लॅरी बीझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या काळात बिल्डरांना वाढीव बांधकाम देऊन त्या बदल्यात बागा, पाळणाघरे आणि किनाऱ्यावरची पायवाट मिळवली गेली. टीकाकार म्हणाले की सगळे टॉवर एकाच पातळीला छाटल्यासारखे दिसतात. त्यावर उतारा म्हणून १९९७ मध्ये मोजक्या जागी जास्त उंचीची मुभा दिली गेली आणि त्यातून २०१ मीटरचा, ६२ मजली शांग्री-ला उभा राहिला. जुलै २०२४ मध्ये महापालिकेने शंकूंची पहिलीच व्यापक फेरतपासणी मंजूर केली. काही वगळले, काही अरुंद केले, काहींची रेषा वर सरकवली.

या सगळ्या चौकटीबाहेरचे उदाहरण म्हणजे सेनाक्व. बरार्ड पुलाच्या पायथ्याशी स्क्वामिश या मूळनिवासी राष्ट्राचे गाव होते. १९१३ मध्ये प्रांत सरकारने तिथल्या कुटुंबांना हुसकावून लावले. दीर्घ कोर्टकज्ज्यानंतर या शतकाच्या आरंभी त्यातली सुमारे साडेदहा एकर जमीन परत मिळाली. राखीव जमिनीला महापालिकेचे झोनिंग, म्हणजे कुठे काय आणि किती बांधायचे याचे नियम, लागू होत नाही. २०१९ मध्ये राष्ट्राच्या सदस्यांनी मतदानाने प्रकल्प मंजूर केला: ११ टॉवर, त्यातले काही ५० मजल्यांहून उंच, सुमारे ६ हजार घरे, बहुतांश भाड्याची. २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी १.४ अब्ज डॉलरचे कर्ज जाहीर केले. आसपासच्या किट्सिलानो भागात कुरबुर झाली, पण कायदेशीर अधिकार स्क्वामिश राष्ट्राचा होता. जो डोंगर दिसावा म्हणून शंकू आखले, त्याच्या पायथ्याशी शेकडो वर्षे राहणाऱ्यांना ते आखताना कुणी विचारले होते का, हा प्रश्न इथे पहिल्यांदा ठळकपणे पुढे आला.

सावलीचा हिशेब

टोरांटोला डोंगर नाही. त्यामुळे तिथले नियम ऊन, सावली आणि रस्त्याच्या रुंदीवर उभे आहेत. मोठी इमारत प्रस्तावित करणाऱ्याला सावलीचा अभ्यास सादर करावा लागतो. त्यातल्या नकाशांवर वेळा छापलेल्या असतात: २१ मार्च आणि २१ सप्टेंबर, सकाळी ९:१८, १०:१८, ११:१८, असे संध्याकाळी ६:१८ पर्यंत. ही १८ मिनिटे विचित्र वाटतात, पण टोरांटो आपल्या कालक्षेत्राच्या प्रमाण रेखावृत्तापासून पश्चिमेला असल्याने तिथे सूर्य घड्याळाच्या तेवढाच मागे असतो. एखाद्या बागेवर दिवसातून किती तास सावली पडते, हे या नकाशांवरून ठरते, आणि एका तासाच्या सावलीपायी काही मजले कापले जाऊ शकतात.

मोठ्या रस्त्यांसाठी २०१० मध्ये मध्यम उंचीचे मापदंड आले. इमारतीची उंची रस्त्याच्या रुंदीएवढी: २० मीटर रुंद रस्त्यावर सहा मजले, ३६ मीटर रुंद रस्त्यावर अकरा. शिवाय मागच्या बैठ्या घरांकडून ४५ अंशांची तिरकी रेषा काढायची आणि इमारतीने तिच्या आत राहायचे. त्यामुळे वरचे मजले पायऱ्यापायऱ्यांनी आत सरकत गेले. प्रत्येक पायरीला नवे वॉटरप्रूफिंग, हलवलेले खांब, वळवलेले नळ. खर्च वाढला आणि अशा इमारती अपेक्षेपेक्षा फारच कमी झाल्या. २०२४ मध्ये मागच्या बाजूची ती रेषा काढून टाकण्यात आली.

उंच टॉवरांना मात्र तशी अडचण आली नाही. मुंबई-पुण्याच्या वाचकाच्या तोंडी असलेला एफएसआय ओंटारियोच्या नगररचनेतही त्याच नावाने चालतो, आणि प्रीमियम भरून जादा एफएसआय घेण्याचा आपल्याकडचा प्रकार ठाऊक असेल तर पुढचे चटकन लक्षात येईल. प्रांताच्या नियोजन कायद्यातल्या कलम ३७ नुसार महापालिका जास्त उंची देऊन त्या बदल्यात ग्रंथालय, बाग किंवा रोख रक्कम घेऊ शकत असे. म्हणजे कागदावरची मर्यादा मुद्दाम कमी ठेवण्यात शहराचाच फायदा होता. मर्यादा ही सौद्याची सुरुवात होती. सौदा जमला नाही तर बिल्डर प्रांताच्या न्यायाधिकरणाकडे जाई. त्या संस्थेचे नाव २०१८ आणि २०२१ मध्ये बदलले, अधिकारांत थोडी काटछाटही झाली, पण अंतिम निर्णय शहराबाहेर होतो ही तक्रार तशीच राहिली. कलम ३७ ची जागा आता जमिनीच्या किमतीच्या ४ टक्क्यांपर्यंतच्या शुल्काने घेतली आहे.

प्रेअरी प्रांतांतल्या शहरांची कहाणी सोपी आहे. एडमंटनमध्ये मध्यवर्ती विमानतळामुळे सुमारे १५० मीटरची मर्यादा होती. २०१३ मध्ये विमानतळ बंद झाला आणि काही वर्षांतच २५१ मीटरचा स्टँटेक टॉवर उभा राहिला. कॅल्गरीत नदीकाठी आणि काही चौकांत ऊन राखण्याचे नियम आहेत, पण तिथल्या आकाशरेषेला खरी वेसण तेलाच्या भावाने घातली. २०१४ नंतर भाव कोसळले, ऑफिसांचे मजलेच्या मजले ओस पडले आणि २०२१ पासून रिकाम्या ऑफिसांची घरे करायला महापालिका अनुदान देऊ लागली.

दहा मीटर

या शहरांचा नकाशा झोनिंगप्रमाणे रंगवला तर टॉवरांना मुभा असलेला भाग छोट्या ठिपक्यांसारखा दिसतो. बाकी विस्तीर्ण पट्टा एका प्लॉटवर एक घर आणि साधारण नऊ-दहा मीटर उंची, या नियमाखाली राहिला. टोरांटोत या पट्ट्याला त्याच्या नकाशातल्या रंगावरून ‘यलोबेल्ट’ नाव पडले. त्यातल्या कित्येक वस्त्यांची लोकसंख्या शहर वाढत असताना घटत गेली, कारण मुले मोठी होऊन निघून गेली आणि नव्या कुटुंबांना तिथले घर परवडेना. सगळी वाढ ठिपक्यांमध्ये कोंबायची म्हटल्यावर ते ठिपके आणखी वर चढणार हे उघड आहे. टोरांटोत यंग स्ट्रीटच्या टोकाला उभारला जाणारा १०६ मजली स्कायटॉवर आणि त्याच शहरातली दोन मजली विटांची गल्ली ही एकाच नियमावलीची दोन अपत्ये आहेत.

म्हणूनच गेल्या काही वर्षांतले सर्वांत मोठे बदल आकाशात दिसणारे नाहीत. टोरांटोने २०२३ मध्ये एका प्लॉटवर चार घरांना शहरभर परवानगी दिली. २०२५ मध्ये सहा घरांचा प्रस्ताव आला, तेव्हा तो २५ पैकी ९ वॉर्डांपुरताच मंजूर झाला. एडमंटनमध्ये जानेवारी २०२४ पासून एका प्लॉटवर आठ घरांपर्यंत मुभा मिळाली. कॅल्गरीने २०२४ मध्ये प्रदीर्घ सुनावणीनंतर असाच सरसकट बदल केला, आणि २०२५ च्या निवडणुकीत तोच प्रचाराचा मुद्दा झाला. ब्रिटिश कोलंबियाने २०२३ च्या अखेरीस कायदा करून एकल-घर झोनिंग बव्हंशी मोडीत काढले. शिवाय व्हँकुव्हर परिसरातल्या स्कायट्रेन मेट्रोच्या स्थानकापासून २०० मीटरच्या आत किमान २० मजले, ४०० मीटरपर्यंत १२ आणि ८०० मीटरपर्यंत ८ मजल्यांना महापालिका नकार देऊ शकणार नाही, असे ठरवले. केंद्रानेही ४ अब्ज डॉलरचा गृहनिर्माण-गती निधी उभारून त्याची चावी चार घरांच्या अटीला जोडली. उंचीची ‘कमाल’ मर्यादा लिहिण्याची सवय असलेल्या कायद्यात पहिल्यांदाच ‘किमान’ आली.

कोण काय म्हणते

दृश्य आणि ऊन जपा म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद वाटतो त्यापेक्षा भक्कम आहे. पुलावरून बसने जाणाऱ्याला डोंगर फुकट दिसतो. तिथे टॉवर आला की तेच दृश्य वरच्या मजल्यांवरच्या मालकांच्या खिशात जाते आणि चौरस फुटाच्या दरात विकले जाते. गेलेले दृश्य परतही येत नाही. मॉन्ट्रियलमध्ये माजी महापौर देनी कोदेर यांनी २०२१ मध्ये टेकडीची मर्यादा उठवण्याचा विषय काढला, तेव्हा डावे, उजवे, वारसाप्रेमी सगळेच नाराज झाले आणि निवडणूक तेव्हाच्या महापौर व्हालेरी प्लांत यांनी जिंकली. पराभवाचे कारण एवढेच नव्हते, पण तिथे हा प्रश्न सध्यापुरता मिटल्यात जमा आहे.

पुरवठा वाढवा म्हणणाऱ्यांच्या हाती केंद्रीय गृहनिर्माण महामंडळाचा २०२२ चा अंदाज आहे: घरे पुन्हा परवडायची असतील तर २०३० पर्यंत नेहमीच्या बांधकामावर आणखी ३५ लाख घरे लागतील. त्यांच्या लेखी कापलेला प्रत्येक मजला म्हणजे कुणाचे तरी न बांधलेले घर, आणि बागेवरच्या अर्ध्या तासाच्या सावलीची किंमत भाडेकरू मोजतो.

तिसरा गट मधल्या उंचीचा कैवारी आहे. त्यांचे आवडते उदाहरण मॉन्ट्रियलचे प्लाटो: दोन-तीन मजल्यांची, एकमेकांना चिकटलेली प्लेक्स-घरे आणि रस्त्यावर उतरणारे बाहेरचे लोखंडी जिने, जे जानेवारीत बर्फाने निसरडे होतात पण घरातली जागा वाचवतात. एकही टॉवर नसताना हा देशातल्या दाट वस्त्यांपैकी एक आहे. या गटाचे म्हणणे असे की झोनिंगइतकाच बांधकाम संहितेचाही अडसर आहे. दोन मजल्यांवरच्या अपार्टमेंटला दोन जिने सक्तीचे असल्याने लहान प्लॉटवर गणित जुळत नाही. ब्रिटिश कोलंबियाने ऑगस्ट २०२४ मध्ये सहा मजल्यांपर्यंत एका जिन्याला परवानगी दिली. अग्निशमन दलाच्या संघटनांचा याला विरोध आहे, आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही.

चौथा आवाज भाडेकरूंचा. व्हँकुव्हरशेजारच्या बर्नबीत मेट्रोटाउन स्थानकाभोवती तीन मजली, जुन्या, स्वस्त भाड्याच्या इमारती होत्या. उंचीची मर्यादा वाढताच त्या पाडून महागडे टॉवर आले आणि शेकडो कुटुंबे बाहेर फेकली गेली. २०१८ मध्ये दीर्घकाळचे महापौर डेरेक कॉरिगन निवडणूक हरले, त्यात या रोषाचा मोठा वाटा मानला जातो. पुढे बर्नबीने विस्थापित भाडेकरूला नव्या इमारतीत जुन्याच्या जवळपास भाड्याने परतण्याचा हक्क देणारे धोरण आणले. या गटाला उंचीबद्दल तत्त्वतः आक्षेप नाही. मात्र बैठ्या बंगल्यांच्या गल्ल्या सुरक्षित राहतात आणि टॉवर नेमके भाडेकरूंच्याच डोक्यावर का उगवतात, हा त्यांचा प्रश्न उरलेल्या तिन्ही गटांना अवघड जातो.

काय सुटलेले नाही

मर्यादा उठवल्याने घर स्वस्त होते का, यावर अर्थतज्ज्ञांत एकमत नाही. एका प्लॉटवर जास्त मजल्यांची परवानगी मिळाली की त्या जमिनीचा भाव लगेच चढतो आणि फायदा आधीच्या मालकाला मिळतो. सगळ्या शहरात एकदम परवानगी दिली तर असे होणार नाही, हा प्रतिवाद तर्काला धरून आहे, पण तो तपासायला लागणारी वर्षे अजून गेलेली नाहीत. एडमंटन आणि ब्रिटिश कोलंबिया या त्याच्या प्रयोगशाळा ठरतील.

हवामानाच्या अंगानेही कौल स्पष्ट नाही. दाट वस्तीत मोटारी कमी लागतात, पण उंच टॉवरला काँक्रीट आणि पोलाद मजल्यामागे जास्त लागते. लाकडी संरचनेने यातून वाट निघेल, अशी अनेकांना आशा आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले ब्रॉक कॉमन्स हे १८ मजली वसतिगृह २०१७ पासून वापरात आहे, आणि आता त्या प्रांतासह ओंटारियोतही संहितेत १८ मजल्यांपर्यंत लाकूड चालते. त्याचा खर्च आणि विम्याचे दर मात्र अजून स्थिरावलेले नाहीत.

निर्णय कोणी घ्यायचा हा तिढा वाढतच चालला आहे. महापालिका ही घटनेप्रमाणे प्रांताचे अपत्य, त्यामुळे प्रांत तिचा नियम एका फटक्यात बदलू शकतो. केंद्र पैशाच्या जोरावर अट घालते. आणि सेनाक्वनंतर मूळनिवासी राष्ट्रे स्वतःच मोठी विकासक झाली आहेत. व्हँकुव्हरच्या जेरिको लँड्सवर मस्क्वियम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वॉटुथ ही तीन राष्ट्रे एका सरकारी कंपनीबरोबर ९० एकरांवर सुमारे १३ हजार घरे आखत आहेत.

आणि हे सारे ऐन मंदीत येऊन पडले आहे. २०२२ पासून व्याजदर चढले. टोरांटोत नव्या कॉन्डोंची, म्हणजे मालकीच्या फ्लॅटांची, विक्री २०२४ मध्ये कित्येक दशकांच्या नीचांकावर गेली. यंग आणि ब्लूर रस्त्यांच्या चौकातला ८५ मजली ‘द वन’ २०२३ मध्येच कर्जाखाली दबून न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या हाती गेला. परवानगी हातात असलेले कित्येक टॉवर पाया खणण्याच्याही आधी थांबले आहेत. गुंतवणूकदारासाठी आखलेले एका खोलीचे फ्लॅट घ्यायला गिऱ्हाईक नाही, आणि कुटुंबाला पुरतील एवढी मोठी घरे त्या आराखड्यांत फारशी नव्हतीच. मर्यादा सैल झाल्यावर किती घरे होतात हे मोजायला बसलेल्या संशोधकांना आता व्याजदराचा परिणाम आणि नियमाचा परिणाम वेगळा काढावा लागणार आहे. बाजार सावरेपर्यंत ते आकडे कुठल्याच बाजूच्या कामाचे नाहीत.